‘डिलिव्हर्ड’ दिसतंय, पण पार्सल आलंच नाही? मग असं करा

आमच्या देवगड तालुक्यात कलमांना मोहोर फुटायच्या आधी फवारणीची घाई असते. गेल्या हंगामात मी बॅटरीवर चालणारा फवारणी पंप ऑनलाइन मागवला, पैसे आगाऊ भरले. आठव्या दिवशी बागेत असताना मेसेज आला: पार्सल पोचलं. घरी येऊन बघतो तर काहीच नाही. आईला विचारलं, शेजारी विचारलं, नाक्यावरच्या दुकानात विचारलं. अ‍ॅपवर तक्रार केली, तर दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की आमच्या नोंदीनुसार वस्तू पोचलेली आहे, तक्रार बंद करत आहोत.

ते ‘पोचलेलं’ पार्सल मला चार दिवसांनी पलीकडच्या गावात सापडलं. तळहाताएवढी प्लास्टिकची पिशवी, आत रबराचे दोन वायसर. लेबलवर नाव तिसऱ्याच माणसाचं, वाडीचं नाव भलतंच, पिन कोड मात्र आमचाच. ट्रॅकिंग नंबर माझ्या ऑर्डरचा. आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात वजन: १२० ग्रॅम. मी मागवलेला पंप सहा किलोंचा होता.

ही चूक नव्हती, फसवणूक होती. ट्रॅकिंगच्या पानावर बहुतेक वेळा गाव किंवा पिन कोड, तारीख आणि ‘डिलिव्हर्ड’ एवढंच दिसतं, कुणाच्या दारात दिलं ते दिसत नाही. लबाड विक्रेता त्याच पिन कोडमधल्या दुसऱ्या कुठल्यातरी पत्त्यावर फुटकळ वस्तू पाठवतो आणि तो नंबर तुमच्या ऑर्डरला जोडतो. कोकणात एकेका पिन कोडखाली कितीतरी गावं आणि वाड्या येतात, त्यामुळे हे सहज खपून जातं. विक्रेता स्वतःच्या कुरिअरने माल पाठवतो तिथे हा धोका जास्त.

म्हणून पुढे सगळीकडे एकच गोष्ट धरून राहा. ‘डिलिव्हर्ड’ म्हणजे तुमच्या दारात दिलं असा पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे पत्ता, वजन आणि घेणाऱ्याची सही.

पहिल्याच दिवशी

आधी खरंच कुणाकडे ठेवलं आहे का ते बघा. आपल्याकडे घरं विखुरलेली, घाटी चढून यायचं, म्हणून डिलिव्हरीवाले पार्सल एसटी स्टँडजवळच्या दुकानात ठेवून जातात. त्या मुलाला फोन करा, पण त्याच्यावर आळ घेऊ नका. त्याने लेबलवरच्या पत्त्यावर पार्सल दिलेलं असतं, आणि पुढे त्याचीच मदत लागते.

मिळालं नाही, तर त्याच संध्याकाळी स्क्रीनशॉट काढा. ऑर्डरचं पान, वस्तूची जाहिरात आणि तिचं लिहिलेलं वजन, विक्रेत्याचं नाव-पत्ता, ट्रॅकिंगचं पूर्ण पान. जाहिरात नंतर गायब होऊ शकते, त्यामुळे हे उद्यावर टाकू नका.

तक्रारीचा पर्याय नीट निवडा

मी इथेच चुकलो. अ‍ॅपमध्ये ‘चुकीची वस्तू मिळाली’ आणि ‘वस्तू मिळालीच नाही’ असे वेगळे पर्याय असतात. मी पहिला निवडला, तर ‘मिळालेली वस्तू परत करा’ असं सांगू लागले. हातात नसलेली वस्तू परत कुठून करणार? तुमच्या दारात काही आलेलं नसेल, तर ‘मिळालीच नाही’ हाच पर्याय घ्या. विक्रेता चॅटवर ‘थोडे दिवस थांबा, दुसरं पाठवतो’ म्हणेल, त्यात तक्रारीची मुदत निघून जाते. अर्धे पैसे घेऊन मिटवा म्हणाला तरी हो म्हणू नका. बोलणं फोनवर न करता अ‍ॅपच्या चॅटमध्येच करा, म्हणजे सगळं लेखी राहतं.

कुरिअरकडून लेखी घ्या

सगळ्यात कामाची पायरी हीच. जवळच्या कुरिअर ऑफिसात स्वतः जा, ओळखपत्र न्या आणि एवढंच लिहून द्या: ‘या ट्रॅकिंग क्रमांकाचे पार्सल माझ्या नावावर आणि माझ्या पत्त्यावर होते का, त्याचे नोंदलेले वजन किती आणि डिलिव्हरीची सही कोणाची, हे कृपया लेखी कळवावे.’ दुसऱ्या ग्राहकाचा पत्ता ते सांगणार नाहीत, आणि तो मागूही नका. ‘हे पार्सल या ग्राहकाच्या पत्त्यावर दिलेले नाही’ एवढी एक ओळ ईमेलवर आली तरी पुरते. टपालाने आलेलं असेल तर पोस्टात विचारा. गावचा पोस्टमन वाडीवाडीतल्या माणसांना नावाने ओळखतो. मला ती पिशवी सापडली ती त्याच्याचमुळे.

मग ही ओळ, वजनाची तुलना आणि स्क्रीनशॉट जोडून पुन्हा तक्रार करा. १२० ग्रॅमच्या पाकिटात सहा किलोंचा पंप मावत नाही, हे तक्रारीच्या पहिल्याच वाक्यात लिहा. लांबलचक कैफियत वाचायला कुणाला वेळ नसतो.

तरी दाद लागली नाही तर

ई-कॉमर्ससाठीचे ग्राहक संरक्षण नियम २०२० पासून लागू आहेत. त्यानुसार प्रत्येक ऑनलाइन बाजारपेठेला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं. अ‍ॅपच्या तळाशी हे नाव शोधा, ईमेल करा आणि त्यात या नियमांचा उल्लेख करा. मला मिळणारं उत्तर बदललं ते या ईमेलनंतर.

कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेलाही त्याच आठवड्यात कळवा. वस्तू न मिळाल्याच्या कारणावरून व्यवहारावर हरकत घेता येते, त्याला चार्जबॅक म्हणतात. त्याची मुदत ठरलेली असते, म्हणून बाजारपेठेच्या उत्तराची वाट बघत बसू नका.

पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. तिथे मराठीत बोलता येतं. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, विक्रेता दिल्लीत बसलेला असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची.

वेबसाइटच खोटी निघाली, तर मात्र ही वाट धरू नका. लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत थांबवायचे असतात, तिथे तासातासाला महत्त्व आहे.

एक धोका या धावपळीतच असतो. घाबरलेला माणूस इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो आणि भामट्याच्या हाती लागतो. तो मोबाइलवर एखादं अ‍ॅप टाकायला सांगतो किंवा परताव्यासाठी यूपीआय पिन विचारतो. पैसे परत घ्यायला पिन लागत नाही. नंबर फक्त अ‍ॅपमधूनच घ्या.

पुढच्या ऑर्डरच्या वेळी

पत्त्यात वाडी, घराची खूण आणि चालू असलेला मोबाइल नंबर लिहा. टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला आहे. दहा अक्षरी कोड, तो चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनापर्यंत जागा दाखवतो. तुमच्या घराचा काढून पत्त्यात घाला.

ओटीपीचं मुंबईकरांना मुद्दाम सांगतो. गावी आईवडिलांसाठी मिक्सर मागवता, ओटीपी येतो तुमच्या मोबाइलवर. डिलिव्हरीवाला फोन करून मागतो, तुम्ही ऑफिसात असता, सांगून मोकळे होता. त्याआधी घरी फोन लावा आणि खोका हातात आला का विचारा. आईने ‘हो’ म्हटलं की मगच ओटीपी द्या. शक्य असेल तिथे पार्सल समोर उघडून घेण्याची सोय निवडा. महागाची वस्तू उघडताना घरच्या कुणाला व्हिडिओ काढायला सांगा, लेबल आणि सील आधी दिसू दे.

आणि तुमच्याच दारात असं न मागवलेलं, अनोळखी नावाचं पाकीट आलं तर? पलीकडच्या गावातल्या काकींनी ते मागल्या पडवीत खुंटीला अडकवून ठेवलं होतं. ‘आमी कायच मागवूक नाय, तरी ह्या इला,’ एवढंच त्या म्हणाल्या. पिशवी चुलीत गेली असती तर माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. त्या लेबलचा फोटो मी तक्रारीला जोडला आणि सतराव्या दिवशी पंपाचे पैसे परत खात्यात जमा झाले. तेव्हा असं पाकीट आलं तर लेबल फाडू नका, त्याचा फोटो काढा आणि पोस्टमनच्या कानावर घाला.