लॅपटॉपची वॉरंटी: बिघाड होण्याआधी काय काय हाताशी हवं

खोका उघडला की आधी बिल घ्या. त्यावरचा सिरीयल नंबर, खोक्यावरचा नंबर आणि लॅपटॉपच्या तळाच्या स्टिकरवरचा नंबर, तिन्ही जुळले पाहिजेत. सणाच्या गर्दीत एकसारख्या दहा खोक्यांतून एक उचलला जातो, बिल दुसऱ्याच नंबराचं फाटतं, आणि हे कळतं थेट दुरुस्तीच्या काउंटरवर. बिल पक्कं, जीएसटीचंच घ्या. मुंबईतला लॅमिंग्टन रोडचा बाजार असो की मॉल, ‘एस्टिमेट’ लिहिलेल्या चिठ्ठीवर चार पैसे वाचतात, पण खरेदीचा पुरावा म्हणून ती चिठ्ठी चालत नाही. थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत फिकी पडते, तळाचा स्टिकरही घासून जातो. त्यामुळे दोन्हींचे फोटो त्याच दिवशी काढून स्वतःलाच मेल करा.

त्याच आठवड्यात कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकून वॉरंटी कधी संपते ते पाहा. अनेक कंपन्यांच्या नोंदीत मुदत माल डीलरकडे रवाना झाल्यापासून मोजलेली असते. जूनमध्ये निघालेला लॅपटॉप तुम्ही सप्टेंबरमध्ये घेतला असेल, तर तीन महिने आधीच गेलेले दिसतील. बिल अपलोड करून तारीख दुरुस्त करून मागता येते. ते आताच करा. अकराव्या महिन्यात मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेल्यावर हा वाद घालत बसणं फार महागात पडतं.

तिथेच ‘ऑनसाइट’ लिहिलंय की ‘कॅरी-इन’ तेही वाचा. ऑनसाइट म्हणजे इंजिनीयर घरी येणार, कॅरी-इन म्हणजे तुम्ही सर्व्हिस सेंटरला जाणार. दादर-अंधेरीला फारसा प्रश्न येत नाही, पण विरार, बदलापूर, कर्जतकडे राहणाऱ्यांनी आपला पिनकोड ऑनसाइटमध्ये बसतो का हे विकत घेण्याआधीच विचारावं. नातेवाइकानं परदेशातून आणलेला लॅपटॉप असेल, तर त्या मॉडेलची वॉरंटी भारतात चालते का, हे वेगळं तपासावं लागतं.

आता बॅटरी. लॅपटॉपला तीन वर्षांची वॉरंटी असली तरी बॅटरीला बहुधा एकच वर्षाची असते, आणि वापरानं घटलेली क्षमता त्यातही सहसा धरत नाहीत. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ टाइप केलं की एक अहवाल तयार होतो. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ ५६,००० आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ ४१,००० दिसली, तर बॅटरी सुमारे ७३ टक्क्यांवर आलीय. दहाव्या महिन्यात हा अहवाल काढा. आकडा अचानक कोसळला असेल, बॅटरी फुगली असेल किंवा चार्जच होत नसेल, तर मुदत संपण्याआधी तक्रार नोंदवा. फुगलेली बॅटरी मात्र चार्जिंगला लावून पाहू नका, दाबूही नका.

जादा संरक्षणाचं खरं कोडं पुढे आहे. ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ आणि ‘ॲक्सिडेंटल डॅमेज’ हे दोन निरनिराळे प्लॅन आहेत, आणि काउंटरवर ते एकाच दमात विकले जातात. पहिल्यात निर्मितीतल्या दोषाची मुदत वाढते, एवढंच. पडणं, चहा सांडणं, स्क्रीन फुटणं दुसऱ्यात येतं. सकाळच्या लोकलमध्ये बॅग पुढे घेऊन दारात उभं राहणाऱ्याचा, आणि त्याच बॅगेत पाण्याची बाटली ठेवणाऱ्याचा लॅपटॉप दोषानं जाण्याआधी दाबानं किंवा पाण्यानं जाण्याचीच भीती जास्त. त्यामुळे एकाच प्लॅनचे पैसे असतील तर आमचं मत दुसऱ्याच्या बाजूनं. त्यातही वर्षाला किती क्लेम चालतात, प्रत्येक वेळी खिशातून किती द्यायचे आणि घसारा (वापरानं घटलेली किंमत) किती कापणार, हे लेखी घ्या. चोरी बहुतेक प्लॅनमध्ये नसते. घरात शिरलेल्या पुराच्या पाण्याचंही बहुधा तसंच. तळमजल्यावर राहत असाल तर ते कलम मुद्दाम वाचा.

प्लॅन कंपनीचा, दुकानाचा की विमा कंपनीचा, हेही विचारा, कारण दुरुस्ती कोण करणार आणि मूळ सुटे भाग मिळणार का, ते त्यावर ठरतं. दुकानाचा ‘२ वर्षांचा’ प्लॅन खरेदीच्या दिवसापासून मोजला, तर पहिलं वर्ष कंपनीच्या वॉरंटीवरच जातं आणि हाती एकच वर्ष उरतं.

दुरुस्तीला देण्याआधीची मुख्य तयारी डेटाची. वॉरंटीत डेटा येत नाही, आणि बदललेली एसएसडी (डेटा साठवणारा भाग) कंपनी सहसा स्वतःकडे ठेवते. बॅकअप तर घ्याच, शिवाय बिटलॉकरची (विंडोजचं डेटा कुलूपबंद करणारं साधन) ४८ आकडी ‘रिकव्हरी की’, म्हणजे किल्ली, मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का ते बघून कागदावर उतरवा. हल्लीच्या अनेक लॅपटॉपांत हे कुलूप (एन्क्रिप्शन) आपोआप चालू असतं. मदरबोर्ड बदलला की त्यावरची सुरक्षा चिपही बदलते आणि विंडोज ती किल्ली मागतं. नसेल, तर एसएसडी धडधाकट असूनही फायली गेल्या.

काउंटरवर लॅपटॉप देताना चारही कोपरे, बिजागऱ्या, स्क्रीन आणि पोर्ट यांचे फोटो काढा. जॉबशीटवर (दुरुस्तीच्या नोंदीचा कागद) ‘फिजिकल डॅमेज’ किंवा ‘लिक्विड’ असं काही लिहिलंय का ते सहीआधी वाचा. तो एक शब्द अख्खी दुरुस्ती वॉरंटीबाहेर काढू शकतो. जुना ओरखडा असेल तर ‘झाकणावर ओरखडा’ इतकंच लिहून घ्या. सर्वात जास्त भांडणं बिजागरीवरून होतात: आतला स्क्रू पकडणारा प्लास्टिकचा भाग तुटतो आणि सेंटर म्हणतं, आदळलाय. बाहेरून आपटल्याची खूण नसलेले फोटो इथे उपयोगी पडतात. दमट हवेनं गंजलेलं पोर्टही ‘पाणी गेलंय’ म्हणून नाकारलं जातं. नाकारल्याचं कारण, आतला फोटो आणि दुरुस्तीचा अंदाज, तिन्ही मेलवर मागा.

तिढा सुटला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. जीएसटी क्रेडिटसाठी बिल फर्मच्या नावावर घेतलं असेल, तर ‘व्यावसायिक वापर’, म्हणजे तुम्ही कायद्यानं ग्राहकच नाही, हा मुद्दा समोरून येणार, हे धरून चला.

लॅपटॉप परत घेताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारा सेटिंगचा पडदा) जाऊन सिरीयल नंबर पाहा. मदरबोर्ड बदलल्यावर तो पुन्हा भरावा लागतो. राहून गेला तर पुढच्या वेळी साइटवर वॉरंटीच सापडत नाही. विंडोज ॲक्टिव्हेट झालंय का, सगळे यूएसबी पोर्ट, कॅमेरा, वायफाय, कीबोर्डची प्रत्येक की, हे तिथेच उभं राहून तपासा आणि कुठला भाग बदलला याचा कागद घेऊनच बाहेर पडा.