खरेदी करताना दर्जा ओळखण्यात होणाऱ्या चुका टाळा

किंमत आधी पाहणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीच वाइन लोकांना एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून दिली गेली. महाग म्हणून दिलेली वाइन त्यांना अधिक चांगली लागली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्येही सुखाच्या जाणिवेशी निगडित भाग अधिक सक्रिय दिसला. आकडा एकदा डोळ्यांसमोर आला की हात, जीभ आणि डोळे त्याच्याच बाजूने साक्ष देऊ लागतात, म्हणून वस्तू आधी पारखावी आणि किंमत नंतर विचारावी.

खोडून दाखवलेल्या जुन्या किमतीचेही तसेच आहे. पहिला आकडा आपल्या अंदाजाला स्वतःकडे ओढून धरतो, हे मानसशास्त्रज्ञ अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७४ साली दाखवून दिले होते. जुनी किंमत छापलेलीच नसती, तर एवढे पैसे मोजले असते का, एवढेच स्वतःला विचारावे.

वेष्टनावरचे मोठे आकडेही तपासून घ्यावेत. चादरीच्या एका चौरस इंचातील उभ्या-आडव्या धाग्यांची संख्या दर्जाची खूण मानली जाते, परंतु काही उत्पादक दुपदरी धाग्यातील प्रत्येक पदर वेगळा मोजतात आणि २५० धाग्यांचे कापड ५०० चे म्हणून विकतात. त्यापेक्षा कापड उजेडासमोर धरून वीण एकसारखी आहे का, हे पाहिलेले बरे.

वस्तू जिथे तुटते, तिथेच ती पाहावी. माझ्या मते याहून भरवशाची पारख नाही. बॅग घेताना तिच्या चकाकीवर न जाता ती उलटी करावी, पट्टा जिथे जोडला आहे तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी पक्की शिलाई आहे की एकच सरळ टीप मारली आहे, हे बघावे, आतल्या कडांचे धागे सुटलेले नाहीत ना याची खात्री करावी, आणि चेन कोपऱ्यावरून आठ-दहा वेळा फिरवून ती कुठे अडते का, हे पाहावे.

टिकाऊपणाचा हिशेब वापराशी जोडावा. दुप्पट किमतीची वस्तू चौपट वेळा वापरता आली, तर प्रत्येक वापराचा खर्च निम्म्यावर येतो. मात्र वर्षातून दोनदाच कपाटाबाहेर येणाऱ्या वस्तूच्या मजबुतीसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.