मूरमध्ये नवे आलात? मे महिन्याआधी एवढं करा

ओक्लाहोमात मूरला नवं मराठी कुटुंब आलं की मी आधी विचारते, टोर्नॅडो आला तर लपायला क्लोजेट (कपडे ठेवायची छोटी खोली) कुठंय? खालच्या मजल्यावरचं, बिनखिडकीचं, बाहेरच्या भिंतींपासून लांबचं हवं. तसं नसेल तर आतलं बाथरूम. इथल्या बहुतेक घरांना तळघर नसतं, त्यामुळे भाड्याचं घर बघताना किचनच्या आधी हे बघा. गॅरेजच्या जमिनीत शेल्टर असेल तर उत्तमच. त्याची शहराकडे नोंद मात्र करा, म्हणजे दारावर ढिगारा पडला तरी शोधणाऱ्यांना जागा ठाऊक असते.

तिथे आत्ताच ठेवा: प्रत्येकाचे बंद बूट (नंतर सगळीकडे खिळे आणि काचाच असतात), टॉर्च, शिट्टी, औषधं, सायकलची हेल्मेटं. हेल्मेटला हसू नका, उडून आलेल्या फळ्या-विटांनीच जास्त जीव जातात.

हवामान खात्याचा 'वॉच' लागला म्हणजे टोर्नॅडो होण्यासारखी हवा झाली आहे. फोन चार्ज करा, मुलांना हाकेच्या अंतरात ठेवा. मोबाइल होममध्ये (तयार आणून ठेवलेल्या हलक्या घरात) राहत असाल तर तेव्हाच निघून पक्क्या इमारतीत जा. 'वॉर्निंग' म्हणजे टोर्नॅडो दिसलाय किंवा रडारवर सापडलाय. लगेच आत, गुडघ्यांत डोकं, मानेवर हात, वरून गादी. खिडक्या उघडत बसू नका, त्याचा काही उपयोग नाही. आणि अंगणात बघायला जायचं नाही! आमच्या ह्यांना हे अजून पटलेलं नाही. पावसाआड टोर्नॅडो दिसतसुद्धा नाही.

शहराचा इशाऱ्याचा भोंगा घराबाहेर असलेल्यांसाठी असतो, झोपेत ऐकू येईलच असं नाही. इशारा आला की आपोआप वाजणारा वेदर रेडिओ घ्या. शनिवारी दुपारी बाराला वाजते ती चाचणी, भारतातून आई-बाबा आले असतील तर आधीच सांगून ठेवा.

गाडी काढून पळायचा मोह सगळ्यांत वाईट. 20 मे 2013 ला मूरमध्ये टोर्नॅडोत 24 माणसं गेली. त्या धसक्यानं 31 मेला लोक गाड्या घेऊन निघाले आणि हायवे तुंबले. त्या संध्याकाळचा, ओक्लाहोमातल्याच एल रेनो गावाजवळचा टोर्नॅडो सुमारे 4.2 किलोमीटर रुंद होता. पुलाखालीही थांबू नका. तिथे वारा आणखी जोर धरतो, 3 मे 1999 च्या टोर्नॅडोत पुलांखाली आसरा घेतलेली माणसं दगावली होती.

वादळ गेल्यावर लोंबत्या तारांपासून लांब राहा. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटणही दाबू नका, बाहेर पडा आणि लांब जाऊन 911 ला फोन करा.