वाय-फायचा दुसरा डब्बा घेताय? गावच्या घरात होणाऱ्या या चुका टाळा

गावात फायबर येते, समोरच्या खोलीत डब्बा बसतो, आणि आठवड्याभरात तक्रारी सुरू होतात. सपरीत नेट पळते, मागच्या खोलीत रेंगाळते, गुरांच्या कोठ्यावर लावलेल्या कॅमेऱ्यापर्यंत तर पोचतच नाही. मग घरातला पोरगा तालुक्याला जातो, दुकानदाराला म्हणतो, "भाऊ, सगळ्यात मोठ्या अँटेनावाला द्या," आणि चार शिंगांचा राऊटर घेऊन परततो. पैसे गेले, मागची खोली होती तशीच राहिली. आपल्याकडच्या घरांसाठी माझं सांगणं एकच: डब्ब्यावर कमी खर्च करा, वायरवर जास्त.

दोष वाय-फायचा आहे का, ते आधी बघा

फायबरच्या डब्ब्यावर एलओएस नावाचा लाल दिवा लागला असेल, तर बाहेरून येणारा उजेडच तुटलेला आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने वायर ओढली असेल नाहीतर माकडांनी. अशा वेळी घरात काहीही बदललं तरी उपयोग नाही, कंपनीत तक्रार टाका. दिवा ठीक असेल तर राऊटरपासून दोन पावलांवर उभे राहा, फोन 5 गीगाहर्ट्झच्या नावाला (राऊटरचा वेगवान पण कमी पल्ल्याचा बँड, दुसरा 2.4 चा) जोडा आणि स्पीड टेस्ट करा. तिथेही प्लॅनपेक्षा फारच कमी येत असेल तर लॅपटॉपला वायर लावून पुन्हा बघा. वायरवरही कमीच आलं तर वाय-फाय निर्दोष आहे.

जवळ भरपूर आणि लांब काहीच नाही, असं असेल तरच पुढचं वाचा. फोनवरच्या काड्या मोजू नका, त्या प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या असतात. अँड्रॉइडवर वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारचं एखादं फुकट अ‍ॅप घ्या. त्यात उणे आकडा दिसतो, एकक डीबीएम. उणे 60 च्या आसपास असेल तर मस्त. व्हिडिओ कॉल नीट चालायला उणे 67 पर्यंत तरी हवं. उणे 75 च्या पुढे अडखळणं सुरू होतं, आणि उणे 80 ला नुसतं नाव दिसतं, काम होत नाही. दर 10 ला सिग्नल दहापट कमी होतो, म्हणजे उणे 60 आणि उणे 80 मध्ये शंभरपटीचा फरक आहे. फोन हातात धरून घरभर फिरा आणि खोलीगणिक आकडे कागदावर लिहा. खरेदीची यादी त्या कागदावरून निघते.

घर कशाचं आहे, हे न पाहता जागा ठरवणं

आर्वीकडचं एक घर डोळ्यासमोर आहे. पुढे नवा स्लॅब, मध्ये जुन्या मातीच्या दीड-दोन फुटी भिंती आणि वर कवेलू, मागे टिनाची खोली. विदर्भात अशी तीन पिढ्यांची जोडघरं गावोगाव आहेत. राऊटर पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. मार्चपर्यंत अंगणात खाटेवर बसून सगळे मोबाईल बघायचे. एप्रिलमध्ये अंगणातलं नेट गेलं. कंपनीचा माणूस येऊन गेला, लाइन ठीक म्हणाला. ती खरंच ठीक होती. मधल्या काळात खिडकीत कूलर बसला होता: टिनाची पेटी, तळाला पाण्याचा हौद, तीन बाजूंना ओल्या ताट्या. खिडकीच्या आत आकडा उणे 48, कूलरच्या पलीकडे दोन हातांवर उणे 77. पत्रा लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषतं, इथे दोन्ही एकाच चौकटीत आले होते. राऊटर दाराच्या वरच्या पट्टीवर सरकवला आणि अंगण पुन्हा चालू झालं. खर्च दोन खिळ्यांचा.

लोखंडी आलमारीवर, टीव्हीच्या मागे, फ्रिजवर, धान्याच्या पत्र्याच्या कोठीशेजारी डब्बा ठेवणं हीसुद्धा तीच चूक. मातीच्या जाड भिंतीतून 5 गीगाहर्ट्झ जवळपास जातच नाही, 2.4 कसाबसा जातो, आणि पावसाळ्यात भिंतीने ओल धरली की तोही थकतो. टिनाच्या खोलीत बाहेरून सिग्नल घुसवण्याचा हट्टच सोडा. तिथे नेट हवं तर आतच एक वायरीने जोडलेला वाय-फायचा दुसरा डब्बा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट हवा.

आत म्हणजे टिनाला चिकटवून नाही. घरात वापरायच्या बहुतेक उपकरणांना 40 अंशांपर्यंतची मर्यादा असते. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, वर्ध्याकडे पारा सावलीतच 45 च्या वर जातो, टिनाखाली तर त्याहून जास्त. नेट रोज दुपारी जातं आणि दिवे लागणीला आपोआप येतं, असं होत असेल तर तो उष्णतेचा त्रास समजा. डब्बा भिंतीवर सात फुटांच्या आसपास, चारही बाजूंनी हवा लागेल असा लावा. त्यावर कापड झाकू नका, धूळ पडली तर पडू द्या.

मोठी अँटेना, मोठा आकडा

अँटेनावर 5 ऐवजी 9 डीबीआय (अँटेना सिग्नल किती एकवटते त्याचं माप) लिहिलं म्हणून ताकद वाढत नाही. तोच सिग्नल आडवा दाबून लांब फेकला जातो, त्यामुळे वरच्या माडीला उलट कमी मिळतो. दुसरं म्हणजे, बोलणं दोन्हीकडून व्हावं लागतं. सरपंचाने भोंग्यावरून हाक मारली तर ती वावरात ऐकू येते, पण तुम्ही वावरातून दिलेली ओ त्याला ऐकू येत नाही. राऊटर कितीही दणकट असला तरी फोन तोच राहतो, बारक्या अँटेनाचा. पूर्ण काड्या दिसतात आणि मेसेज मात्र घिरट्या घालत बसतो, त्यामागे बरेचदा हेच असतं.

खोक्यावरचा एसी 1200 (एसी ही वाय-फायची एक पिढी) म्हणजे 1200 एमबीपीएसचा वेग नव्हे. 2.4 चे 300 आणि 5 गीगाहर्ट्झचे 867 यांची ती गोळाबेरीज असते, आणि हवेत त्याच्या निम्मं मिळालं तरी चांगलं म्हणायचं. वायरची पोर्ट गीगाबिट (1000 एमबीपीएसची) आहेत का, हे मात्र विचारा. स्वस्त एसी 1200 मध्ये ती बरेचदा 100 चीच असतात. प्लॅन 50 चा असेल तर काही बिघडत नाही, 200 चा असेल तर वरचे पैसे वाया.

रिपीटर नेमका अंधारात लावणं

प्लगमध्ये खोचायचा रिपीटर लोक जिथे नेट नाही तिथेच लावतात. त्यालाच ऐकू येत नाही तर तो पुढे काय सांगणार? त्याची जागा मधली, आकडा उणे 65 च्या आसपास असेल ती. तिथेही एकाच बँडवर ऐकायचं आणि त्याच बँडवर बोलायचं असल्याने वेग साधारण अर्धा होतो. वायरशिवाय लावलेल्या मेशलाही (एकमेकांशी बोलणाऱ्या डब्ब्यांच्या संचालाही) हा नियम चुकत नाही. तिसरा बँड असलेले महागडे संच थोडे सावरतात, पण मधली मातीची भिंत त्यांनाही लागतेच.

म्हणून वायर ओढा. कॅट 6, शुद्ध तांब्याची, एका पल्ल्याला 100 मीटरपर्यंत. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर सर्रास मिळते. तार ब्लेडने खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर परत करा. ती लवकर तुटते, आणि त्याच वायरीतून वीज पाठवायची असेल तर लांब पल्ल्यावर व्होल्टेज पडतं. घरात उंदीर, छतावर माकडं, म्हणून पूर्ण वायर पाइपातून न्या. उन्हात राहणार असेल तर काळ्या आवरणाची, बाहेरची वायर घ्या. जोडल्यावर वेग नेमका 100 च्या खाली अडकला तर आठपैकी एखादी तार टोकाला बसलेली नसते. गीगाबिटला आठही लागतात, 100 ला चारच पुरतात. टोक कापून नवं लावा.

जुना राऊटर जोडला आणि घरातलं सगळंच बिघडलं

घरात पडलेला जुना राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून छान चालतो, नवा घ्यायची गरज नाही. त्याच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, काम झालं. नसेल तर तीन गोष्टी. त्याचा पत्ता बदला: मुख्य डब्बा 192.168.1.1 वर असेल तर याला 192.168.1.2 द्या, आणि तो आकडा मुख्य डब्बा फोनना आपोआप वाटतो त्या पत्त्यांच्या रांगेबाहेर असू द्या. त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटण्याचं काम) बंद करा. मुख्य डब्ब्याकडून आलेली वायर लॅन पोर्टात (घरातली उपकरणं जोडायच्या) लावा, वॅनमध्ये (बाहेरचं नेट घेणाऱ्या) नाही.

डीएचसीपी चालूच राहिलं तर घरात पत्ते वाटणारे दोन होतात. मग काकाजींच्या फोनवर नेट चालतं, मावशींच्या फोनवर "कनेक्टेड, पण इंटरनेट नाही" असं येतं, आणि दुसऱ्या दिवशी उलटं. वायर वॅनमध्ये राहिली तर नेट चालतं, पण एका डब्ब्यावरच्या फोनला दुसऱ्यावरचा प्रिंटर दिसत नाही.

दोन्हीकडे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच ठेवा. डब्ल्यूपीए 2 बहुतेक जुन्या फोनना चालतं. डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा. 2.4 वर एकाला चॅनल 1, दुसऱ्याला 6, तिसरा असेल तर 11, आणि रुंदी 20 मेगाहर्ट्झ. गावात शेजाऱ्यांच्या वाय-फायची गर्दी नसते, पण आपलेच दोन डब्बे एकमेकांवर ओरडत बसतात. फोन मागच्या खोलीत गेला तरी पुढच्यालाच चिकटून राहत असेल तर पुढच्याची 2.4 ची ताकद मध्यमवर आणा. डब्बा कधी बदलायचा हे फोन ठरवतो, आपण त्याला फक्त कारण देऊ शकतो.

लाइन गेली की

फायबरचा डब्बा इन्व्हर्टरवर आणि मागचा ॲक्सेस पॉइंट साध्या बोर्डावर, ही जोडी फार दिसते. विजेची लाइन गेली की मागची खोली गप्प. एकदा मेन स्विच खाली पाडून काय काय विझतं ते पाहा. पीओईचा ॲक्सेस पॉइंट घेतला तर वायरीतूनच वीज जाते आणि एकच जागा इन्व्हर्टरवर ठेवली की भागतं. मात्र जोड तपासा: 802.3 एएफ या पीओईच्या मानकाचं उपकरण त्याच जातीच्या स्विचवर चालतं, 24 व्होल्टचा वेगळा प्रकारही बाजारात आहे, आणि ते दोन एकमेकांना चालत नाहीत. मिनी यूपीएस (राऊटरची छोटी बॅटरी) घेताना मूळ अडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा तंतोतंत जुळवा. अँपिअर तेवढे किंवा जास्त असले तर चालतात.

घरापासून वावरापर्यंत

घर आणि वावरातली खोली यांच्यामध्ये उघड्यावरून तांब्याची वायर टाकू नका. मृगाच्या आधी विजा सुरू होतात, आणि वीज आसपास पडली तरी त्या वायरीतून दोन्ही टोकांची उपकरणं जातात. फायबर टाका, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि नेटची साधी वायर जोडणारा डब्बा) लावा. काच वीज वाहत नाही, आणि 100 मीटरची अटही राहत नाही.

फायबर परवडत नसेल तर 5 गीगाहर्ट्झच्या दोन डिश समोरासमोर लावतात. ही जोडी लोक उन्हाळ्यात बसवतात आणि श्रावणात शिव्या घालतात. मे महिन्यात धुऱ्यावरची (बांधावरची) झाडं अर्धी बोडकी असतात, पावसानंतर पानांनी गच्च भरतात, आणि ओली पानं हा सिग्नल खातात. शिवाय समोरची डिश नुसती दिसणं पुरत नाही. 500 मीटरच्या पल्ल्यात मध्यभागी त्या सरळ रेषेच्या सगळ्या बाजूंनी सुमारे अडीच मीटरचा पट्टा असतो, त्यातला निदान साठ टक्के मोकळा हवा. म्हणजे माणसाच्या डोक्यावरून जाणारी तूरही हिशेबात धरायची. खांब उभारताना रेषेच्या मध्याखाली दिवाळीत किती उंच पीक असेल ते आधी पाहा आणि खांब त्यावरून दीड-दोन मीटर तरी वर काढा. मध्ये बाभूळ येत असेल तर डिशची ताकद वाढवत बसू नका, खांब धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला न्या.