गव्हाणीपाशी पहिला नंबर कुणाचा?

माझा थीसिस गाभण डुकरिणींवर आहे, हे घरी सांगायला मला तीन आठवडे लागले. आजी म्हणाली, "जनावरांचा डॉक्टर झालास ते बरं झालं, पण डुकरं?" शिरवळला बी.व्ही.एस्सी. करताना गाई, म्हशी, शेळ्या आणि कोंबड्या यांनीच सगळी वर्षं भरली होती. डुक्कर परीक्षेपुरतं. नंतर नेदरलँड्सला पशुपैदास आणि आनुवंशिकी शिकायला आलो आणि विषयांच्या यादीत हा एक शिल्लक होता. उरलेला विषय घेतला म्हणून हळहळत होतो, ते पहिल्यांदा शेडमध्ये जाईपर्यंत.

विषय असा: कळपात डुकरीण कशी आणि कितव्या नंबरला खाते, यातलं किती आनुवंशिक? याकडे वळायचा विचार असेल, तर आधी हा प्रश्न आला कुठून ते समजून घ्या. पूर्वी गाभण डुकरीण लोखंडी पिंजऱ्यात एकटी असायची, तिथे मागे वळायलाही जागा नसे. ब्रिटनने हे पिंजरे १९९९ मध्ये बंद केले. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१३ पासून नियम लागू केला की, गाभण राहण्यासाठी लावल्यानंतर चार आठवडे झाले की व्यायच्या आधी एक आठवडा राहीपर्यंत डुकरिणी कळपात ठेवायच्या. गाभणकाळ साधारण ११४ ते ११५ दिवसांचा, म्हणजे त्यातला बराचसा काळ कळपात जातो. आणि कळप म्हटला की भांडण आलं.

भांडण खुराकावरून. गाभण डुकरिणीला पोटभर खाऊ दिलं तर ती फार चरबी धरते आणि विताना त्रास होतो, म्हणून खुराक मोजूनच देतात, दिवसाला साधारण दोन ते तीन किलो. पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून तंतुमय चारा देतात, तरी ती भुकेलीच असते. सगळ्यांना एकाच गव्हाणीत टाकलं तर दांडगी दुप्पट खाणार आणि गरीब उपाशी राहणार. त्यावर एक उपाय म्हणजे इलेक्ट्रॉनिक फीडर. कानात चिपचा बिल्ला असतो. डुकरीण अरुंद बोळकांडीत शिरते, मागचं फाटक बंद होतं, यंत्र बिल्ला वाचतं आणि तिच्या वाट्याचा खुराक थोडा थोडा करून पुढ्यात पाडतं. खाऊन झालं की ती पुढच्या दाराने बाहेर. एका यंत्रावर पन्नास-साठ डुकरिणी असतात आणि यंत्र प्रत्येक फेरीची नोंद ठेवतं: कोण, कधी आली, किती वेळ थांबली, किती खाल्लं.

नवखा माणूस इथेच फसतो, मीही फसलो. माझ्या पहिल्या प्रस्तावात मी 'रोजचा आहार' हा गुणधर्म धरला होता. मार्गदर्शक बाईंनी तो वाचून एवढंच विचारलं, "आहार तर संगणक ठरवतो. मग तू डुकरिणीची आनुवंशिकता मोजणार की संगणकाची?" ज्या जनावराला मोजून मिळतं, त्याचा स्वभाव किती खाल्लं यात दिसत नाही. कधी खाल्लं, कितव्या नंबरला खाल्लं, किती वेगाने खाल्लं, वाटा संपल्यावरही कितीदा यंत्रात डोकावली, यात दिसतो. गाभण डुकरिणींवरचं सगळं काम या गुणधर्माच्या व्याख्येत आहे. सॉफ्टवेअर चालवणं त्या मानाने सोपं.

नंबर हा माझा आवडता गुणधर्म. रोजचा खुराक सुरू झाला की जवळपास ठरलेल्या क्रमाने त्या येतात. चार-पाच वेतं झालेल्या म्हाताऱ्या पुढे, पहिलारू मागे. आमच्याकडे घरी मारकी म्हैस पाणी पिऊन बाजूला झाल्याशिवाय बाकीच्या हौदाकडे फिरकत नसत, अगदी तसंच. पण क्रम हा सापेक्ष असतो. चाळीसच्या कळपातला दहावा नंबर आणि साठच्या कळपातला दहावा नंबर एक नाही. शिवाय दर आठवड्याला काही डुकरिणी व्यायच्या शेडकडे जातात, नव्या येतात, म्हणजे शेजारणीही बदलत राहतात. म्हणून नंबर कळपाच्या आकाराने भागून घ्या आणि वेत, कळप, आठवडा हे परिणाम सांख्यिकी मॉडेलमध्ये ठेवा.

माझी पहिली घोडचूक घड्याळाची. फार्मवरचा खुराकाचा दिवस संध्याकाळी सुरू व्हायचा आणि मी मात्र तारखेप्रमाणे मध्यरात्री दिवस कापला. त्यामुळे संध्याकाळी सर्वांत आधी खाणारी डुकरीण माझ्या तक्त्यात बरीच मागे पडली. दोन महिन्यांचं काम फुकट! शेडमध्ये एक संध्याकाळ उभा राहिलो असतो, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

दुसरी चूक जास्त शिकवून गेली. हेरिटॅबिलिटी म्हणजे जनावरांमध्ये दिसणाऱ्या फरकांपैकी आनुवंशिक फरकाचा वाटा. समजा ती ०.२ आली, तर त्या कळपात, त्या परिस्थितीत, फरकांतला पाचवा हिस्सा आनुवंशिक. एकट्या जनावराबद्दल ती काहीच सांगत नाही. माझा आकडा इतका मोठा आला की मी खूश होऊन मित्रांना सांगत सुटलो. झालं असं होतं की एकाच डुकरिणीच्या शंभरेक दिवसांच्या नोंदी मी घातल्या, पण तिच्यासोबत कायम राहणारा, तरीही जनुकांतून न आलेला परिणाम मॉडेलमधून वगळला. लहानपणी कशी वाढली, पाय जुना दुखावलेला आहे का, असल्या गोष्टी. त्याला पर्मनंट एन्व्हायर्नमेंट म्हणतात. तो घातला नाही की त्याचा सगळा भार आनुवंशिकतेच्या खात्यात जमा होतो. आता मी आधी रिपीटॅबिलिटी काढतो, म्हणजे एकाच जनावराच्या वेगवेगळ्या दिवसांच्या नोंदी एकमेकींशी किती जुळतात ते. हेरिटॅबिलिटी सहसा तिच्यावर जात नाही, त्यामुळे आकडा डोक्यावर बसला की लगेच संशय येतो.

आणखी एक गुंता आहे. लवकर खाणाऱ्या डुकरिणी निवडत गेलो, तर आपण दांडग्याच निवडत नाही ना? अमेरिकेत संशोधक विल्यम म्युअर यांनी १९९६ मध्ये कोंबड्यांवर दाखवलं की एकेक पक्षी न निवडता अख्ख्या पिंजऱ्याचा गट निवडला, तर एकमेकींना टोचून मारणं कमी होतं. शेजारणीच्या जनुकांचा आपल्यावर होणारा परिणाम मोजण्याची गणितं पुढे बरीच विकसित झाली. हा भाग मला अजूनही अर्धाच पचलाय, पण पीएच.डी. करायची असेल तर विषय इथेच आहे.

तयारी काय करावी? आर ही आकडेमोडीची संगणकभाषा आधी शिका, रेखीय बीजगणित घासून घ्या. बीएलयूपीएफ९० सारखे आनुवंशिकतेचं गणित करणारे प्रोग्राम नंतर महिन्याभरात हाताळता येतात. आपल्याकडे परतायचं असेल तर एवढी यंत्रं बसवलेले फार्म फारसे मिळणार नाहीत, हे मनात ठेवा. पण वंशावळ आणि वारंवार मोजमाप यांचं हेच गणित म्हशीच्या दुधाला लागू पडतं. आणि डुकरंच हवी असतील तर गोव्यात आगोंदा गोवन ही नोंदणी झालेली देशी जात आहे.

फार्मवर जायचं तर आंघोळ करूनच आत, त्यांचेच कपडे, त्यांचेच बूट. आदल्या दोन दिवसांत दुसऱ्या डुकरांना भेटला असाल तर बऱ्याच ठिकाणी दारातूनच परत पाठवतात. डब्यात डुकराचं मांस नको. आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाची धास्ती सगळ्यांनाच आहे.

आणि पहिल्याच भेटीत बदललेल्या बिल्ल्यांची यादी मागून घ्या. कानातला बिल्ला तुटून पडतो, नवा लावतात आणि डेटात ती डुकरीण नवी होऊन येते, आई-बाप नसलेली. आमच्या फार्मवर ती यादी संगणकात नव्हतीच. शेडच्या दाराशी टांगलेल्या, कोपरे भिजलेल्या वहीत होती.