पीईआयने जीन पेशीत जात नाहीये? या चुका टाळा

बडोद्यात माझ्याकडे प्रोजेक्टला येणाऱ्यांत दरवर्षी दोन-तीन तरी मराठी मुलं असतात. त्यांची पहिली तक्रार ठरलेली: "मॅडम, जीएफपी चमकतच नाहीये." जीएफपी म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन; त्याचं जीन पेशीत पोचलं, तरच ते दिसतं. मी आधी पीईआयची, म्हणजे डीएनए पेशीत नेणाऱ्या पॉलिएथिलीनइमाईनची, बाटली आणायला सांगते.

१९९५ मध्ये ज्याँ-पॉल बेर यांच्या गटाने पुढे आणलेला हा पॉलिमर स्वस्त आहे, पण हिशेबाला कडक. त्याचे धनभारित नायट्रोजन डीएनएच्या ऋणभारित फॉस्फेटना धरून बारीक कण बनवतात. १ मायक्रोग्रॅम डीएनएत साधारण ३ नॅनोमोल फॉस्फेट आणि १ मायक्रोग्रॅम मोकळ्या (क्षार नसलेल्या) पीईआयमध्ये सुमारे २३ नॅनोमोल नायट्रोजन. डीएनएच्या तिप्पट वजनाचं पीईआय घेतलं, तर एन-पी गुणोत्तर (नायट्रोजन भागिले फॉस्फेट) २३ च्या आसपास येतं. पण बाटलीत हायड्रोक्लोराईड क्षार असेल तर तेवढ्याच वजनात नायट्रोजन जेमतेम निम्मे भरतात. वजन तेच, गुणोत्तर साडेबारा! माझा एक अख्खा महिना यात गेला आहे, म्हणून लेबल वाचा असं मी पुन्हा पुन्हा सांगते.

दुसरी चूक स्टॉक, म्हणजे साठवायचं द्रावण, बनवताना होते. मोकळं लिनियर (सरळ साखळीचं) पीईआय गार पाण्यात विरघळत नाही. भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखं तळाशी बसून राहतं. पाणी गरम करा किंवा आम्ल घालून पीएच २ पर्यंत उतरवा, पूर्ण विरघळल्यावर ७ वर आणा, मग ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. छोटे भाग करून गोठवा. एकदा वितळलेला भाग परत गोठवू नका.

डीएनए आणि पीईआयचं मिश्रण सीरम (रक्तातला द्रव भाग) नसलेल्या माध्यमातच करा, कारण सीरममधली प्रथिनं पॉलिमरला चिकटतात. पंधरा-वीस मिनिटं पुरे. एक मुलगा नळी तशीच ठेवून डबा खायला गेला, तासाभराने परत आला. मायक्रोस्कोपखाली पेशींवर काळसर खडी पसरली होती, कण एकमेकांना चिकटून मोठे झालेले.

पेशींनी प्लेटचा तळ ७०-८० टक्के भरलेला हवा. विरळ असल्या तर पीईआयच्या विषारीपणाने लवकर गोल होऊन सुटतात.

आणि प्लेटच्या एका खणात पेशींवर नुसतं पीईआय घाला, डीएनए नको. तिथेही पेशी मेल्या तर पॉलिमरची मात्रा कमी करा. तिथे ठणठणीत असून जीएफपीच्या खणात अंधार असेल, तर प्लास्मिडचं (जीन वाहणाऱ्या गोल डीएनएचं) २६०/२८०, म्हणजे शुद्धता दाखवणारं प्रकाशशोषणाचं गुणोत्तर, पुन्हा मोजा.