वर्गणीतून सिझन बॉल घेताना या चुका टाळा

दिवाळी झाली की सांगली-मिरजेच्या मैदानांवर लेदर बॉलचे, म्हणजे सिझन बॉलचे, सामने सुरू होतात. टीम ठरते, जर्सीची मापं दिली जातात, वर्गणी गोळा होते आणि सगळ्यात शेवटी कुणाच्या तरी लक्षात येतं की बॉल आणायचे राहिले. मग उरलेल्या पैशात जो बसेल तो डझनभर उचलला जातो. खर्च वाया जायला सुरुवात होते ती इथूनच. जर्सी दोन-तीन हंगाम निघते, बॉल मात्र दर सामन्याला आणि रोजच्या नेटच्या सरावाला लागतो. हिशेबाच्या वहीत तो पहिल्या ओळीवर हवा.

खोक्यावरची किंमत बघून निवड

दुकानात आपण विचारतो, "स्वस्तात कुठला आहे?" विचारायला हवं ते असं, की हा बॉल किती षटकं गोल राहील? समजा तीनशेचा बॉल एका वीस षटकांच्या डावातच मऊ पडला आणि त्याची शिवण उसवली. सहाशेचा बॉल तोच डाव काढून पुढे पंधरा दिवस नेटवर चालला. आता स्वस्त कुठला ते सांगा.

फरक पडतो तो आतल्या बांधणीमुळे. चांगल्या बॉलच्या मध्यभागी कॉर्कचा गोळा असतो, त्यावर लोकरीचा दोरा ताणून गुंडाळलेला असतो आणि मधूनमधून कॉर्कचे थर असतात. दोरा सैल गुंडाळला असेल तर दहा षटकांत बॉल चेपतो. तो चुकीच्या उंचीवर उसळतो आणि बॉलरला वाटतं की आपलीच लाइन बिघडली. शिकणाऱ्या पोराचं यात मोठं नुकसान होतं.

वरचं चामडं दोन तुकड्यांचं किंवा चार तुकड्यांचं असतं. चार तुकड्यांच्या बॉलमध्ये प्रत्येक अर्ध्या भागात आतून एक जोड असतो आणि हे दोन जोड एकमेकांना काटकोनात बसवलेले असतात. त्यामुळे तो आकार जास्त वेळ धरून ठेवतो. सामन्यासाठी चार तुकड्यांचाच घ्या. थ्रोडाउन (हाताने जवळून फेकून दिलेला बॉल खेळणं), कॅचिंग आणि फिल्डिंगच्या सरावाला दोन तुकड्यांचा भागतो. दोन्ही कामांना एकच डझन आणणं ही मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक. सरावात सामन्याचे बॉल संपतात आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी धावपळ होते.

आपलं मैदान विसरणं

आपल्याकडची बरीच मैदानं मुरमाची. चौकाराला गेलेला बॉल सीमेपर्यंत मुरमावर घासत जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या षटकातच त्याचं चामडं खरवडतं. हिरव्या गवताच्या मैदानासाठी नावाजलेला महागडा बॉल इथे आणला तर त्याची शाईन टिकतच नाही. टीव्हीवर दिसतो तोच बॉल आपल्याला हवा, हा हट्ट सोडा. कसोटीत एक बॉल ऐंशी षटकं वापरतात, पण तिथली खेळपट्टी आणि आउटफिल्ड वेगळी असते.

सिमेंटवर काथ्याची मॅट असेल तर मार सगळ्यात आधी शिवणीला बसतो. अशा ठिकाणी ठळक, हाताने घातलेली आणि घट्ट शिवण शोधा. बॉलच्या मधल्या पट्ट्यात टाक्यांच्या सहा ओळी असतात. बोटाचं नख एका ओळीवरून फिरवा. दोरा सरकला किंवा टाका उचकटला तर तो बॉल परत ठेवा. अगदी स्वस्त मालात सगळ्या ओळी मशीनने मारलेल्या असतात आणि बाहेरचा एक टाका तुटला की पूर्ण ओळ सुटत जाते.

चामडं कसं कमावलंय तेही विचारा. तुरटीवर कमावलेलं चामडं घासलं की छान चकाकतं, बॉल हवेत वळायला त्याचा उपयोग होतो, पण पाणी त्याला सोसत नाही. क्रोम या रसायनावर कमावलेलं चामडं ओल जास्त सहन करतं. थंडीत कृष्णाकाठच्या मैदानावर सकाळी नऊला सामना असेल तर गवतावर दव असतं, आणि तुरटीचा चांगला बॉल तासाभरात फुगून जड होतो. सकाळच्या सामन्यांना क्रोमचा बॉल, दुपारच्या सामन्यांना तुरटीचा, अशी वाटणी करून बघा.

वजन न करता डझन उचलणं

नियम स्पष्ट आहे: पुरुषांच्या सामन्याचा नवा बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅम वजनाचा आणि २२.४ ते २२.९ सेंटिमीटर घेराचा हवा. स्वस्त मालात एकाच खोक्यातले दोन बॉल वेगळे भरतात. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि शिंप्याची टेप, एवढ्यावर तपासणी होते. टेप एकदा शिवणीवरून आणि एकदा शिवणीच्या आडवी गुंडाळा. दोन मापांत ठळक फरक आला तर बॉल पहिल्यापासूनच अंडाकृती आहे.

मग फरशीवर हळू घरंगळत सोडा, डुलत गेला तर आतला गोळा मध्यभागी नाही. खोक्यातले तीन-चार बॉल कमरेच्या उंचीवरून सिमेंटवर टाकून बघा, सगळे साधारण सारखे उसळायला हवेत. दुकानदाराला हे आवडणार नाही, पण डझनाचे पैसे देणाऱ्याला एवढा हक्क आहे. त्याहून उत्तम म्हणजे आधी दोन-तीन प्रकारचा एकेक बॉल आणून आपल्याच मैदानावर एकेक डाव खेळून घ्या आणि मग डझन सांगा.

दगडासारखा कडक बॉल म्हणजे टिकाऊ, असंही समजू नका. हलक्या प्रतीचा कडक बॉल बॅटच्या कडेला बसला की तिच्या इंग्लिश विलोच्या लाकडाला तडा जातो. बॉलमागे दोनशे वाचवायचे आणि कुणाच्या तरी बापाने कष्टाच्या पैशातून घेतलेली हजारोंची बॅट घालवायची, हा व्यवहार मला पटत नाही. नव्या बॅटचं नॉकिंग, म्हणजे ठोकून ठोकून ती खेळायला तयार करणं, हेही चांगल्या प्रतीच्या जुन्या बॉलनेच करा.

पोरांना आणि मुलींना मोठ्यांचा बॉल देणं

यावर मला पोटतिडकीने सांगायचंय. तेरा वर्षांखालच्या मुलांचा बॉल १३३ ते १४४ ग्रॅमचा असतो आणि महिलांचा १४० ते १५१ ग्रॅमचा. दोन्ही घेराने लहान असतात. तरी नेटवर सगळ्यांच्या हातात तोच मोठा बॉल दिसतो, कारण वेगळा आणायचा तर वेगळे पैसे लागतात. दहा-अकरा वर्षांच्या पोराची बोटं मोठ्या बॉलच्या शिवणीवर नीट बसतच नाहीत. तो तळहातात दाबून टाकतो आणि ती सवय पुढे कोचला मोडावी लागते. अंगावर बसला तर मार मोठा, म्हणून मुलं बॉलच्या रेषेतून बाजूला व्हायला शिकतात.

भारताचे माजी कर्णधार विजय हजारे यांचा जन्म सांगलीचा, आणि भारताची फलंदाज स्मृती मानधना याच गावात वाढली, इथेच शिकली. तिच्याकडे बघून मुली मैदानावर येतात, तेव्हा त्यांच्या मापाचे निदान चार बॉल तरी किटमध्ये असलेच पाहिजेत. पैसे कमी असतील तर मोठ्यांच्या सरावाचे दोन बॉल कमी करा, पण हे चार कमी करू नका.

जुना बॉल फेकून देणं

सिक्स उसात गेला की अर्धा संघ पाचट तुडवत फिरतो आणि बॉल सापडत नाही. विहिरीत पडलेला सापडतो, पण निकामी होऊन. अशा वेळी नियमानुसार अंपायर साधारण तेवढाच वापरलेला दुसरा बॉल देतात. तो असायला तर हवा! जवळ जुना बॉल नसेल तर बाराव्या षटकात नवा काढावा लागतो, त्यावरून वाद होतो आणि एक कोरा बॉलही खर्ची पडतो. प्रत्येक सामन्यानंतर बॉल पुसून, किती षटकं झाली ते चिठ्ठीवर लिहून, कापडी पिशवीत ठेवा. पाच, दहा, पंधरा षटकं झालेले दोन-दोन बॉल जमले की हंगामभर चिंता नाही.

भिजलेला बॉल उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नका, चामडं तडकतं. कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाऱ्यावर ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेल्या बॉलला पावसाळ्यात बुरशी चढते आणि एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलेला वाळून कोळ होतो. शाईनसाठी व्हॅसलीन किंवा खोबरेल लावायला तर नियमच परवानगी देत नाही. आता थुंकीही चालत नाही. घाम आणि कापड एवढंच.

डझनाचे पैसे देण्याआधी दुकानदाराशी एक गोष्ट बोलून घ्या: पहिल्या पाच षटकांत शिवण उसवली तर बॉल बदलून देणार का? देणार असेल तर ते बिलावर लिहून घ्या आणि बिल किटबॅगच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे खजिनदार बदलला तरी ते हाताशी राहील.